दोन ट्रंका भरून गाणं

प्रश्न : आमचे वडील रत्नागिरीत सरकारी नोकरीत होते आणि गाण्याचे वेडे होते. डिसेंबर आला की रजा टाकून पुण्याला ‘सवाई गंधर्व’ महोत्सवाला जायचे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं, ते त्यांनी सहसा चुकवलं नाही. कोल्हापुरात देवल क्लबात कुणी गाणार असं कळलं की दुपारची एसटी पकडायचे. खांद्याला टेपरेकॉर्डर ठरलेला. ते गेल्यावर माळ्यावरून दोन ट्रंका कॅसेट आणि थोडी स्पूलं निघाली. त्यांत शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे गाण्यातल्या सवाल-जबाबाच्या, सामन्यांच्या आणि भजनाच्या बाऱ्यांच्याही बऱ्याच आहेत. भाऊ म्हणतो, निदान त्या तरी टाकून दे. मला विचारायचंय ते असं : दुकानात कॅसेट मिळत असताना ही माणसं एवढा खटाटोप का करायची? असं गाणं भरून आणणं ही चोरी नव्हती का? आणि या ट्रंकांचं आता काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुकानात मिळायचं ते गाणं आणि तुमच्या वडिलांनी खांद्यावरून आणलेलं गाणं ही मुळातच दोन निराळी गाणी आहेत.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ग्रामोफोन कंपनीनं मुद्रित केलं. तिथून पुढं जवळजवळ अर्धं शतक आपलं संगीत तबकडीच्या एका बाजूवर मावेल तेवढंच विकलं गेलं. ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. मैफलीत एवढ्या वेळात गवई षड्ज लावून स्थिरावतो, फार तर विलंबित ख्यालाचा मुखडा एकदोनदा समेवर आणतो. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व यांनी त्या तीन मिनिटांतही अपूर्व गाणं ठेवलं आहे, हे खरंच. पुण्याच्या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या तबकडीनं होते आणि तेवढ्यासाठी लोक शेवटपर्यंत थांबतात. पण रागाची बढत कशी होते, एका सुरावर थांबून पुढच्या सुराची वाट गवई कशी पाहायला लावतो, हे तबकडीत मावत नव्हतं. पुढं एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. तरी तेही गाणं बंद खोलीत, घड्याळाकडे डोळा ठेवून आणि समोर एकही श्रोता नसताना झालेलं.

मैफलीत समोर माणसं असतात. एखादी जागा घेतली की पहिल्या रांगेतून ‘क्या बात है’ येतं. गवई थबकतो, हसतो आणि तीच जागा जरा वेगळी करून पुन्हा दाखवतो. तबलजीनं एखादा बोल अनपेक्षित टाकला तर गायक मान डोलावून त्याच वजनाची तान घेतो. घसा बसलेला असला तर पहिली वीस मिनिटं आवाजाशी झटापट चालते, आणि मग एकाएकी सूर असा लागतो की सगळं सभागृह सावरून बसतं. हे सगळं भरून आणायला वडील रजा टाकत होते. त्या संध्याकाळी त्या माणसानं जे गायलं ते त्याला स्वतःलाही पुन्हा तसंच गाता येणार नव्हतं.

याची किंमत कळायची असेल तर जे हाती राहिलं नाही त्याचा विचार करा. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे ते गुरू. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ साली मुंबईत वारले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. खाँसाहेबांचाही आवाज आपल्यापाशी नाही. एवढे मोठे दोन गवई आपल्याला फक्त शिष्यांच्या गळ्यातून आणि जुन्या श्रोत्यांच्या आठवणींतून माहीत आहेत. ग्रामोफोन कंपन्या तेव्हा होत्या. या गवयांच्या मैफलींत यंत्र घेऊन बसणारा रसिक मात्र नव्हता, कारण घरगुती टेपरेकॉर्डर अजून आलाच नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरला आणि आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकात हौशी, पैसेवाल्या घरांत दिसू लागला. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गजाननबुवा जोशी यांचं लांबलचक, मैफलीतलं गाणं आज ऐकायला मिळतं त्याचा मोठा वाटा अशाच खासगी मुद्रणांचा आहे. संगीत शिकणारी आजची मुलं राग कसा उलगडायचा हे शोधत त्याच टेपांपाशी येतात.

तुमच्या ट्रंकेतली स्पूलं त्या पहिल्या काळातली असणार. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत असे आणि सेकंदाला पावणेचार इंच या गतीनं एका बाजूला चौसष्ट मिनिटं मावत. म्हणजे एक पूर्ण ख्याल, द्रुतासकट. पण ते यंत्र अंगाखांद्यावर वागवायचं नव्हतं. पेटीएवढं धूड आणि त्याला विजेची जोडणी हवी. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली आणि हा छंद प्रवासाला निघाला. रत्नागिरीच्या बाबतीत आणखी एक कारण घडलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत किनाऱ्यावरच्या गावांतून पुष्कळ माणसं आखाती देशांत नोकरीला गेली आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, टू-इन-वन घेऊन आली. मुंबई-पुण्यात जी वस्तू चैनीची होती ती राजापूर-दाभोळकडच्या साध्या घरांत पोहोचली. शक्ती-तुऱ्याच्या कॅसेट तुमच्या ट्रंकेत कुठून आल्या त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

कॅसेटनं मोकळीक दिली, पण तिची एक अट होती. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. विलंबित ख्याल रंगात आलेला असतो तेव्हाच नेमकी बाजू संपते. बटण खट्‌कन उडतं, शेजारचे वळून बघतात, अंधारात कॅसेट काढून उलटी घालेपर्यंत एक तान निसटलेली असते. अनुभवी माणसं म्हणून चाळिसाव्या मिनिटापासून घड्याळ बघत. तबल्याचं ठोकून घेणं किंवा दोन चिजांमधला तानपुरा जुळवणं चाललं की, जागा शिल्लक असूनही, बाजू बदलून टाकत. काही जण दोन तासांची कॅसेट वापरत, पण तिची फीत अतिशय पातळ, जेमतेम नऊ मायक्रॉन. ती यंत्रात गुंडाळली गेली की संपलं. भरलेल्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे चिमुकले कान मोडून टाकले आहेत का, ते बघा. चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून ते मोडत. ज्या कॅसेटचे कान वडिलांनी मोडलेत, त्या त्यांच्या लेखी मोलाच्या होत्या.

कुठं बसायचं हेही शास्त्र होतं. कर्ण्याजवळ बसलं तर आवाज मोठा, पण फाटका. पंख्याखाली बसलं की सगळ्या रागभर घरघर. खोकणारा शेजारी लाभला तर त्याचा खोकला घराण्याइतकाच अमर होतो. आणि हे सगळं सांभाळून परतीचा प्रवास. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी पुण्याहून गाणं ऐकून निघालेला रत्नागिरीकर कराड-कुंभार्ली नाही तर कोल्हापूर-आंबा घाटानं, एसटीच्या खिडकीशी यंत्र मांडीवर धरून, घरी यायचा आणि आंघोळ करून कचेरीत जायचा. घरी आल्यावर रविवारी चार मित्रांना बोलावून तीच मैफल पुन्हा ऐकवायची, एकमेकांना प्रती काढून द्यायच्या, ‘तू मला मन्सूर दे, मी तुला कुमार देतो’ अशी देवाणघेवाण. पैशाचा व्यवहार या मंडळींत कमीपणाचा समजला जाई.

या टेपांत आणखी एक गोष्ट आहे जी आता नव्यानं मिळणं अवघड झालंय. पूर्वी मैफली रात्रभर चालत, ‘सवाई’सुद्धा. मध्यरात्रीनंतर दरबारी, मालकंस, पहाटे ललित, भटियार, उजाडता भैरव, तोडी, असा क्रम आपोआप लागे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर मोकळ्या मांडवातले ध्वनिक्षेपक बंद झाले. झोपणाऱ्याला, आजाऱ्याला शांतता हवी, त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्रभर जागलेल्या गळ्यातून पहाटे साडेचारला, जागलेल्याच श्रोत्यांसमोर आलेला ललित कसा असतो, हे ऐकायचं तर आता तुमच्या वडिलांसारख्यांच्या कॅसेटींकडेच यावं लागतं. ट्रंकेत पहाटेचे राग सापडले तर ते सगळ्यात आधी बाजूला काढा.

आता चोरीचा प्रश्न. वडिलांवर हा ठपका येत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात सुरुवातीला गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्कच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीनं तो दिला, १९९५ पासून तो लागू झाला, आणि आज त्याची मुदत पन्नास वर्षं आहे. पण त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ शिकवण्या-संशोधनासाठी केलेलं मुद्रण म्हणजे या हक्काचा भंग नव्हे. मर्यादा त्यापुढं सुरू होते. त्याच्या प्रती विकणं, सार्वजनिक वाजवणं, यूट्यूबवर चढवणं यासाठी कलाकाराची, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांची संमती लागते. आयोजकांनी तिकिटावर किंवा फलकावर मनाई लिहिली असेल तर ती वेगळी अट, तीही पाळायची.

कायद्याहून मोठा मला शब्दाचा प्रश्न वाटतो. खासगी बैठकीत गवई मोकळा होतो. अर्धी जमलेली बंदिश करून बघतो, एखादा राग चुकतमाकत चाचपतो, समोरच्या दहा जाणकारांवर विश्वास टाकून. ते गाणं जगापुढं मांडायचं की नाही, हे त्याचं त्यानंच ठरवायला हवं. केसरबाई आपलं गाणं टिपून घेण्याबाबत अतिशय कडक होत्या, आणि त्यांना तो अधिकार होता. त्यामुळे त्यांच्या भर मैफलीतलं फार थोडं आपल्याला मिळालं, याची हळहळ मलाही आहे. साडेतीन मिनिटांची त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. तरीही त्यांनी नाही म्हटलं असताना उशीखाली यंत्र लपवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

हा पेच आपल्याकडचाच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यानं १९०१ ते १९०३ या काळात एडिसनचं फोनोग्राफ यंत्र रंगमंचाच्या वरच्या फळीवर नेऊन चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. एकेक तुकडा मिनिट-दोन मिनिटांचा, खरखरीत बुडालेला. तरी त्या काळातल्या काही गायकांचा रंगमंचावरचा आवाज फक्त त्यांतच उरलाय. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडनं तर १९८४ साली मुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी श्रोत्यांत वेगळा विभागच ठेवला, म्हणजे त्यांचे उंच मायक्रोफोन इतरांच्या आड येऊ नयेत. प्रती वाटा, विकू नका, एवढीच अपेक्षा. मला हा मार्ग सगळ्यात सरळ वाटतो आणि आपल्याकडच्या आयोजकांनी त्याचा विचार करावा.

ट्रंकांकडे वळू. घाई करा, पण पावसाळ्यात नको. कोकणातल्या दमट हवेनं फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं की फितीच्या गुंडाळीवर पांढरी जाळी किंवा भुकटी दिसते. अशी कॅसेट लावून बघायची नाही. ती बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळ्या डब्यात ठेवून जाणकाराकडे द्या. जुन्या स्पूलांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती फीत आतून मोडतेय असं समजून तीही आधी पाठवा. बाकीच्या कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यांत उभ्या ठेवा. काहींत फितीमागची फेल्टची छोटी गादी गळून पडलेली असेल. त्याला घाबरू नका, फीत नव्या कवचात घालता येते.

मग एकेक डिजिटल करून घ्या. एमपीथ्री नको. चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्‌झ वेव्ह फाइल करायला सांगा. तासाला सुमारे दोन जीबी जागा जाते, आणि आज जागा स्वस्त आहे. आवाज घुसमटलेला वाटला तर हेडशेजारच्या बारीक स्क्रूनं हेडचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवून घेतात, वरचे सूर लगेच उघडतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याकडे काम देऊ नका. खरखर काढण्याच्या नादात तानपुरा पुसू देऊ नका. आधी जसं आहे तसं उतरवायचं, सफाई नंतर आणि वेगळ्या प्रतीवर.

गतीकडेही लक्ष हवं. मैफलीत सेल उतरले असतील तर यंत्र हळू चाललेलं असतं आणि आज चांगल्या यंत्रावर तेच गाणं चढ्या सुरात, घाईत ऐकू येतं. पट्टी दीड सुरानं वर गेली की ओळखीचा आवाजही परका वाटतो. त्या गायकाची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी जुळवता येतं. नसेल तर आणखी एक युक्ती आहे. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून विजेची बारीक गुणगुण बहुतेक मुद्रणांत उतरलेली असते. आपल्याकडे ती पन्नास हर्ट्‌झची. संगणकावर ती त्रेपन्न दिसली तर सगळं गाणं त्या प्रमाणात हळू करायचं. ज्या गुणगुणीला वडील वैतागले असतील तीच आज उपयोगी पडते.

यंत्राच्या कामाइतकंच महत्त्वाचं काम कागदाचं आहे. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि त्याच क्रमांकानं फाइल ठेवा. राग, ताल, साथीला कोण, गाव, तारीख, हे जिथं लिहिलंय तिथं निम्मी लढाई जिंकलेली आहे. जिथं फक्त ‘छान’ एवढंच लिहिलंय, तिथं आवाज ओळखणारी माणसं शोधावी लागतील. रत्नागिरीत ती आहेत. आर्ट सर्कल, खल्वायन या संस्थांच्या मैफलींना वर्षानुवर्षं येणाऱ्या ज्येष्ठ श्रोत्यांना घरी बोलावून ऐकवा. तबलजीच्या पहिल्या तिहाईवरून नाव सांगणारा कान अजून तुमच्या गावात भेटेल. सगळं झाल्यावर एक प्रत संस्थेकडे द्या. गुरुग्रामचं १९८२ साली स्थापन झालेलं संगीतशास्त्राचं अभिलेखागार, मुंबईतलं एनसीपीए, सत्यशील देशपांडे यांनी उभं केलेलं संवाद फाउंडेशन, अशा ठिकाणी विचारणा करा आणि वापराच्या अटी कागदावर घ्या. एक प्रत गायकाच्या कुटुंबाला पोहोचवा. कित्येक घरांत वडिलांचा आवाज नसतो आणि तो अनोळखी माणसाच्या ट्रंकेत असतो. टेप कुलपात ठेवून ‘माझ्याकडे आहे’ एवढंच सांगत फिरणाऱ्या संग्राहकांनी या छंदाचं फार नुकसान केलंय. अशी कित्येक कपाटं मालकाबरोबरच संपली.

राहता राहिल्या शक्ती-तुऱ्याच्या कॅसेटी. भावाला सांगा, हात लावायचा नाही. मन्सूरांच्या एखाद्या मैफलीची टेप पुण्यात, धारवाडात आणखी कुणाकडे असण्याची शक्यता आहे. तुमच्या पंचक्रोशीतल्या शाहिराच्या सामन्याची दुसरी प्रत बहुधा कुठंच नसेल. गणपतीच्या दिवसांत पायांत चाळ बांधून गोलात नाचणारी मुलं, मध्ये ढोलकी-झांज, शक्तीवाल्यांनी पुराणातला सवाल टाकायचा आणि तुरेवाल्यांनी तो गाण्यातूनच सोडवायचा, हे सगळं जागच्या जागी बांधलेलं असे. जबाब ऐनवेळी सुचलेला, कुठं लिहिलेला नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात किंवा गिरगावच्या साहित्य संघात चाकरमान्यांसाठी सामने होत, तिथंही कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेली माणसं असत. ती कॅसेट गावी जाई आणि गावातला जबाब मुंबईत. कंपन्यांनी विकल्या त्या निवडक, गाजलेल्या शाहिरांच्या. बाकीचे शेकडो शाहीर, भजनाचे बुवा, पखवाजवाले अशाच घरगुती कॅसेटींत आहेत किंवा कुठंच नाहीत. शास्त्रीय गाण्याइतकी अभिलेखागारं यांच्या वाट्याला नाहीत. म्हणून तुमच्याकडे पैसे आणि वेळ मोजकाच असेल तर मी या कॅसेटी आधी उतरवून घेईन. त्यांतले बरेच गाणारे अजून हयात असतील. त्यांच्या वाडीत जा, ऐकवा, नावं लिहून घ्या, जबाब कुणी रचला ते विचारा आणि पुढं कुणाला ऐकवायची परवानगी आहे तेही तिथंच विचारून घ्या. गौरी-गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हा एका फेरीत बरंच काम होईल.